ओट्याची उंची

पाला, १२ जानेवारी

प्रिय आत्या,

येशूची स्तुती असो.

आधी एक दुरुस्ती. नाताळच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की सिबिच्चायन आणि बिन्सिचेच्ची वहिनी मुलांना घेऊन जूनमध्ये आयर्लंडहून कायमचे घरी येणार आहेत. ते चूक आहे. माझ्या भावाने जूनचं नाव घेतलंच नव्हतं. तो म्हणाला होता, "स्वयंपाकघर नीट झालं की येऊ." मिस्त्री म्हणतात मेपर्यंत सगळं होईल, आणि कुन्नूरच्या शाळेने मला दोन जूनला शिकवायला बोलावलं आहे. या दोन्हींच्या मधे जून मी माझ्या मनाने घातला. पत्र पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं आणि मग झोप लागेना. तापामुळे मला शाळेत घातलं नव्हतं तेव्हा तांदळाच्या ताटात माझं बोट धरून तू अक्षरं गिरवून घ्यायचीस. चुकलेलं अक्षर आधी पुसायचं, त्यावरून दुसरं गिरवायचं नाही, हे तुझंच शिकवणं. म्हणून पुसते आहे.

बाकी ते येणार हे नक्की. आपल्यात घर धाकट्या मुलाचं, आणि म्हातारपणी आई-वडीलही त्याचेच. थोरला टोमिच्चायन आपला वाटा घेऊन मलबारात गेला तेव्हाच हे ठरलेलं आहे. आमचे चाच्चन, तुझे भाऊ, गेल्यापासून आणि अम्माची उजवी बाजू लुळी पडल्यापासून मी आहे ती मधल्या काळापुरती. सिबिच्चायन स्वतः तसं म्हणतो. "अल्फी, थोडं थांब, स्वयंपाकघर होऊ दे, मग तू मोकळी."

त्यामुळे सध्या माझं सगळं लक्ष कपाटांवर आहे. चाच्चननी केलेलं रानफणसाचं मोठं कपाट तुला आठवत असेल. वाळवीने ते मागून पोखरलं होतं आणि पुढून पॉलिश चकचकीत. नाताळआधी मी मिठाची बरणी ठेवली तर फळी पापडासारखी मोडली. आता सगळंच नवं करायचं आहे, ओट्यासकट, आणि कपाटं कशाची हे मी ठरवायचं आहे. कुरियन मिस्त्रींनी पर्याय सांगितले ते असे: "लाकूड वाळवी खाते, प्लायवूड पाणी पितं, ॲल्युमिनियम दिवसभर वाजतं आणि स्टील दवाखान्यासारखं दिसतं. पोरी, फेरोसिमेंट घाल. त्याला कुणी खात नाही." जाळीवर सिमेंट थापून केलेल्या पातळ पाट्या असतात. त्या उभ्या-आडव्या भिंतीत बसवायच्या, वर ओट्याचा दगड आणि पुढे हवी ती दारं. दारं बिन्सिचेच्चीला पांढरी हवी आहेत, आरशासारखी.

मी सगळ्या दुकानांत जाऊन आले. प्लायवूडचा एक तुकडा मागून आणला आणि बादलीत घालून ठेवला. चौथ्या दिवशी तो फुगला. स्टीलचं कपाट पेच काढून दुसरीकडे नेता येतं, हा त्याचा गुण. फेरोसिमेंट एकदा बसलं की फोडूनच काढावं लागतं. राहत्या घरात स्वयंपाकघर म्हणजे साठ वर्षांची गोष्ट असते, तेव्हा मला तेच बरं वाटतंय. पण मी चुकले तर ती चूकही साठ वर्षं राहील, याची भीती वाटते.

शेजारची कुंजेली चेडत्ती भिंतीवरून बघत असते. काल म्हणाली, "कपाटं घराची का तुझ्या लग्नाची? भाऊ स्त्रीधन भिंतीत बसवून देतोय वाटतं." मी हसले. अम्माने ऐकलं, ती हसली नाही.

तुझं मत कळव.

तुझी अल्फी


कार्मेल मठ, २६ जानेवारी

प्रिय अल्फी,

बादलीतल्या प्लायवूडची गोष्ट मी जेवणानंतरच्या मोकळ्या वेळेत सगळ्यांना सांगितली. मदर म्हणाल्या, या मुलीला आपल्या बांधकामावर आणा. पत्रं त्याच उघडतात, त्यामुळे तुझी दुरुस्ती माझ्याआधी त्यांनी वाचली. तुझ्या मनाच्या टोचणीची त्यांना काळजी वाटते. मला तितकी वाटत नाही. ज्याला लहान चूक टोचते त्याला मोठीही दिसते, फक्त जरा उशिरा.

कपाटांबद्दल मी काय सांगू? वाळवीचं तुझं म्हणणं खरं आहे. सिमेंटला माझी हरकत नाही. पण तू पाच वस्तूंबद्दल तीन पानं लिहिलीस आणि एक गोष्ट लिहिली नाहीस. ओटा किती उंच?

हसू नकोस. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा एका उंच जर्मन बाईंनी बांधून घेतला होता. त्या कधीच्या देवाघरी गेल्या. आम्ही बुटक्या मल्याळी बायका अजून पाटावर उभ्या राहून भात वेळतो. सिस्टर फिलोमिना दोनदा पडली. ओटा बोलत नाही, पण तो कुणासाठी केला हे रोज सांगत असतो.

बिन्सी किती उंच आहे, ते मला लग्नाच्या फोटोवरून आठवतं. मंगळसूत्र बांधताना सिबी टाचा उंचावून उभा होता आणि आपला टोमी मागून म्हणाला होता म्हणे, "शिडी आणू का?" तेव्हा तिच्या मापाचा ओटा तुला छातीपर्यंत येईल. मधल्या काळात तुझे हाल होतील, पण मधला काळ मधलाच असतो.

सिबीने माप काय सांगितलं, ते कळव. उपास दोन मार्चच्या रविवारनंतर लागतो, मग ईस्टरपर्यंत आम्ही पत्रं लिहीतही नाही, वाचतही नाही. तेव्हा वेळेत लिही. अम्माला सांग, तिची नणंद रोज तिचं नाव घेते.

तुझी आत्या


पाला, ९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फेरोसिमेंट ठरलं. सहा मार्चला पाट्या बसवायला सुरुवात.

उंचीचं मी विचारलं. रविवारी व्हिडिओवर सगळे होते, सिबिच्चायन, मुलं, मागे बिन्सिचेच्ची इस्त्री करत होती. मी टेप कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, ओटा छत्तीस इंच का तेहतीस? सिबिच्चायन म्हणाला, "तुझी उंची किती?" मी म्हटलं, पाच फुटाला एक बोट कमी. तो म्हणाला, "मग एकतीस कर. तुझी पाठ दुखता कामा नये." मी म्हटलं, पण चेच्ची वाकून वाकून थकेल. तो म्हणाला, "तिचं बघू नंतर. तिथली मालकीण तूच. कुरियनचेट्टनला मी सांगून ठेवलंय, अल्फी देईल ते माप."

आत्या, मला खूप बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तीन वर्षांत माझ्या पाठीबद्दल कुणी बोललं नव्हतं. अम्माला उचलून खुर्चीत बसवायचं, परत पलंगावर घ्यायचं, कंबर भरून येते. बिन्सिचेच्चीने पुढचा शर्ट घेतला. इस्त्री चालूच होती. ते आले तरी पहिले काही महिने तिची इकडे नोकरी लागेपर्यंत धावपळ असेल, तेव्हा मी सुट्ट्यांत येऊन हाताखाली असेन, असा त्याने विचार केला असेल. असं मला वाटतं. तो असं म्हणाला नाही. फक्त वाटतं, एवढंच लिहिते.

त्याने आणखीही पुष्कळ विचार केला आहे. स्वयंपाकघर आणि अम्माची खोली यांच्यामधल्या भिंतीत तो एक खिडकी ठेवतोय, ओट्यासमोरच, म्हणजे फोडणी देतानाही अम्मा नजरेसमोर राहील. अम्माच्या उशाशी घंटीचं बटण. वरच्या दोन खोल्यांना मात्र कुलूपच राहणार, त्यांचं सामान आहे म्हणून. मिस्त्री म्हणाले, "भाऊ असावा तर असा." मीही तसंच म्हटलं.

कुन्नूरच्या शाळेचं पत्र आलं. पंधरा मार्चपर्यंत होकार मागितलाय. मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलंय, पहिलीचा वर्ग तुमची वाट बघतोय. पहिलीची मुलं वाट बघत नसतात, मला माहीत आहे, त्यांना कुणी सांगितलेलंही नसणार. तरी मी ते वाक्य परत परत वाचलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही. सिबिच्चायनला पत्राचं सांगितलं तर म्हणाला, "बघू गं, कामगार घरात असताना कुठे हे काढतेस?"

हेही बरोबरच आहे. कामगार घरात आहेत. मागच्या दाराशी वाळूचा ढीग आहे, पुढचा व्हरांडा स्वयंपाकाच्या चुलीने अडलाय, आणि घरात ये-जा करायला सध्या एकच वाट आहे, तीही अम्माच्या खोलीतून.

तुझी अल्फी


कार्मेल मठ, १८ फेब्रुवारी

अल्फी,

हे उपासाआधीचं माझं शेवटचं पत्र. मदर म्हणाल्या दोन ओळी पुरेत, मी चार घेते.

साठ वर्षांचा ओटा पाच फुटांच्या बाईच्या मापाचा. त्यासमोर पाच फुटांच्या बाईच्या डोळ्यांसाठी खिडकी. घर बांधणारा माणूस जिचा विचार करतो तिचंच माप घेतो. मी सिबीला वाईट म्हणत नाही. तो लहानपणीही आपल्या ताटातला माशाचा तुकडा तुला द्यायचा आणि मग त्याचं दप्तर तू उचलायचीस. देताना तो मनापासून द्यायचा.

तू त्याला विचारतेस आणि उत्तर स्वतः पुरं करतेस. आता त्याला विचारू नकोस. बिन्सीला विचार, ती एकटी असताना, आणि एवढंच विचार: तुला ओटा किती उंच हवा? उत्तराला काही जोडू नकोस.

तुझ्या पत्रात आमच्या मठाच्या भिंती नाहीत, पण वाचताना मला त्या दिसल्या. लोक म्हणतात आम्ही कोंडलेल्या. इथे जाळीच्या दाराला कडी आहे ती आतल्या बाजूला, अल्फी. मी आले तेव्हा मदरनी ती मला पहिल्या दिवशी दाखवली होती. रात्री ती लावायची पाळी आमच्यातच असते. या महिन्यात माझी आहे.

काय करायचं ते मी सांगणार नाही. आणि पुढचे सात आठवडे तू विचारलंस तरी मला कळणार नाही. देव तुझ्याबरोबर असो. अम्माचं मतही घे. तिचा अर्धा चेहरा लुळा आहे, अर्ध्याने ती सगळं बघते.

तुझी आत्या


पाला, २ मार्च, उपासाआधीचा रविवार

प्रिय आत्या,

हे पत्र तुला ईस्टरला मिळेल. मदर ते टेबलाच्या खणात ठेवतील, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही.

आज इथे सगळ्या घरांतून बीफचा आणि बदकाचा वास येतोय. उद्यापासून पन्नास दिवस मांस, अंडं, दूध काही नाही. कुंजेली चेडत्तीने तांदळाचे पाळप्पम आणि बदकाचं कालवण आणून दिलं. अम्माला मी बारीक करून भरवलं. व्हरांड्यातल्या चुलीवर मला बदक जमलं नसतं.

मी बिन्सिचेच्चीला विचारलं. मंगळवारी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी फोन केला, तेव्हा तिची दवाखान्यातली जेवणाची सुट्टी असते. तू सांगितलंस तसंच विचारलं. तुला ओटा किती उंच हवा? ती सँडविच खात होती, ते खाणं थांबलं. म्हणाली, "मला कशाला हवा? मी कुठे येतेय?"

मी काही जोडलं नाही.

मग तिनेच सांगितलं. मोठ्या मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष तीन वर्षांनी, धाकटीचं त्यानंतर. येतील ते नाताळला किंवा ऑगस्टमध्ये, पंधरा-वीस दिवस. ती म्हणाली, "अगं पण तुलाच जायचं नव्हतं ना? सिबी म्हणाला, अल्फीला अम्माला सोडून करमत नाही, म्हणून तिला चांगलं स्वयंपाकघर करून देऊ. मी म्हटलं, दारं तरी चांगली पांढरी घाल पोरीला." आणि मग, "तुला जायचंय?"

मी हो म्हटलं. आवाज इतका बारीक आला की तिने परत विचारलं. मी परत हो म्हटलं. ती म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही गं." ती खोटं बोलत नव्हती. पांढरी दारं माझ्यासाठी होती, आत्या. मी एवढे दिवस ती तिच्यासाठी निवडत होते आणि ती माझ्यासाठी.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर भावावर अन्याय होईल. 'अम्माला सोडून मला करमणार नाही' हे वाक्य माझंच आहे. चाच्चनच्या वर्षश्राद्धाला मी ते म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, आणि तेव्हा ते खरं होतं. अजूनही थोडं खरं आहे. सिबिच्चायनने ते उचललं आणि भिंतीत बसवलं, एवढंच.

मग मी त्याला फोन केला. कुन्नूरला जायचंय, हे या वेळी प्रश्नासारखं न विचारता सांगितलं. होम नर्स बघायला मार्च, एप्रिल, मे आहेत, पाल्यात दोन ठिकाणी मी चौकशी केली आहे, मेमध्ये ती इथे राहून माझ्याकडून सगळं शिकून घेईल, तिला वरची एक खोली उघडून द्यावी लागेल. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाला, "तू गेलीस तर ते घर कुणासाठी उघडं ठेवायचं?" मी नर्सचं परत सांगू लागले. तो म्हणाला, "आत्ता काही ठरवू नकोस. ओटा तर होऊ दे." नेहमीप्रमाणे मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि बघितलं तर टेप माझ्या हातात होती, पूर्ण बाहेर ओढलेली, आणि ती मी परत आत जाऊ देत नव्हते.

अम्माचं मत घे, असं तू म्हणाली होतीस. मला ते विचारायची लाज वाटत होती. अंथरुणातल्या बाईला, मी जाऊ का, असं कसं विचारायचं? शेवटी मी खिडकीबद्दल विचारलं. मिस्त्रींनी भिंतीवर खडूने चौकोन आखलाय, पलंगावरून तो तिला समोरच दिसतो. म्हटलं, अम्मा, ही खिडकी बरी वाटते का? तिने डाव्या हाताने उशी सरकवली. तिचे शब्द आता तुटक येतात, मला तरी सगळे कळतात.

"बंद कर ती," ती म्हणाली. "तू कांदा चिरत माझ्याकडे बघणार. मी तुझ्याकडे. दोघी रडणार."

मला हसू आलं आणि तिलाही, अर्ध्या तोंडाने. मग ती म्हणाली, "मी दोन मुलगे वाढवले. एकाने तरी मला उचलावं." आणि थोड्या वेळाने, "नर्स बोलकी बघ. तू फार गप्प असतेस."

शुक्रवारी कुरियन मिस्त्री शेवटचं माप पक्कं करायला आले. पाट्यांवर खुणा करून ठेवल्यात, एकतीसच्या. मी विचारलं, एकदा बसल्यावर ओटा खाली-वर करता येतो का? ते म्हणाले, "हातोडा लागेल आणि शिव्या लागतील." मी विचारलं, आणि बसवायच्या आधी? ते म्हणाले, "बसवायच्या आधी तुझा शब्द. मालकांनी सांगितलंय, अल्फी देईल ते माप." मी मनात परत परत तपासलं, हा शब्द मी चोरून तर घेत नाही ना. नाही. सिबिच्चायनने तो सगळ्यांसमोर दिलेला आहे.

घर धाकट्या मुलाचं, तर ओटा त्याच्या बायकोच्या मापाचा. ही आपल्यातली रीत आहे, मी काही नवीन करत नाही. बिन्सिचेच्चीची उंची मी विचारून घेतली आहे. पाच फूट सात. "घोड्यासारखी," असं म्हणाली आणि हसली, मग म्हणाली, "कर गं. बघू कोण काय म्हणतं ते." तिच्या मापाने ओटा छत्तीस इंच होतो. आज दुपारी मी टेबलावर विटा रचून त्यावर पाट ठेवला आणि छत्तीसला हात लावून बघितला. कोपर वर जातं, विळी धरता येत नाही, कढईत काय आहे ते दिसत नाही. तिथे मी फार दिवस स्वयंपाक करू शकणार नाही. त्यासाठीच तो हवा. एकतीसचा ओटा समोर असला तर मी कधीच जाणार नाही, मी स्वतःला ओळखते. कुणी थांब म्हणायच्या आधीच मी फोडणी टाकलेली असेल.

मे महिनाभर मी पाटावर उभी राहीन. सिस्टर फिलोमिनाची आठवण ठेवीन आणि पडणार नाही.

खिडकीच्या जागी भिंतच राहील. घंटी ठेवते, ती अम्माला हवी आहे. सिबिच्चायनपासून काही लपवणार नाही. पाट्या बसल्या की त्याच दिवशी ओट्याला टेप लावून फोटो पाठवीन, आकडा दिसेल असा. तो रागावेल. त्याला वाईटही वाटेल, आणि ते मला जास्त भीतीचं वाटतं, कारण माझ्या पाठीबद्दल तो मनापासून बोलला होता. पण ती पाठ इथेच राहील, हे त्याने धरून चाललं होतं.

शाळेला होकाराचं पत्र लिहून पाकीट चिकटवलं आहे. ते मिस्त्री येण्याआधी पोस्टात टाकायचं, नंतर नाही, म्हणजे कामगारांना चहा करता करता मन फिरायला नको. मला अजून भीती वाटते. तुझं उत्तर येणार नाही, हेही एका अर्थी बरंच आहे. तू थांब म्हणाली असतीस तर मी थांबले असते, आणि जा म्हणाली असतीस तर ते तुझ्यावर ढकललं असतं.

हे तू वाचशील तेव्हा सिमेंट कधीच सुकलेलं असेल. म्हणून दिवस नीट लिहून ठेवते, या वेळी माझ्या मनाने काही न घालता. मिस्त्री टेप लावतील आणि विचारतील, किती? मी छत्तीस सांगणार आहे.

गुरुवारी, सहा मार्चला.

तुझी अल्फी